इंद्रजीतच्या कोऱ्या बाटल्या

आमच्या इंद्रजीतला कुणी विचारलं, "काय करतोस रे सध्या?" की तो आधी स्वतःच्या चपलेकडं बघतो आणि मग म्हणतो, "प्रोजेक्टवर आहे." बास, एवढंच. कुणी कारखान्यावर असतो, कुणी एसटीत असतो, आमचा पोरगा प्रोजेक्टवर असतो. विचारणारा मान हलवतो आणि पाऊसपाण्याचं बोलायला लागतो. लग्नकार्यात तर मी बघितलंय, लोक त्याला दुसऱ्यांदा विचारत नाहीत.

तो माझ्या थोरल्या भावाचा, रावजीचा मुलगा. माहेर आमचं वैरागचं. मी लग्न होऊन सोलापुरात आले आणि पुष्कळ वर्षांनी हा कॉलेजसाठी ट्रंक घेऊन माझ्याच दारात उभा राहिला. पोरगा म्हणते खरी, पण आता त्रेचाळीस वर्षांचा आहे. कानावरचे केस पिकलेत. शिकला तोही डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांबद्दल. एमएस्सी झाला तेव्हा रावजीनं गावात पेढे वाटले आणि कुणी विचारलं तर सांगायचा, "डॉक्टर न्हाय, पण जंतू तेच."

मग काही वर्षं कॉलेजात तासावर शिकवलं, आणि गेली अकरा वर्षं प्रोजेक्ट; हे त्याचं पाचवं. पहिलं मातीचं होतं. दुसरं सांगोल्याच्या डाळिंबावर काळे ठिपके का पडतात त्याचं. ठिपके आहेत तिथंच आहेत, प्रोजेक्ट संपलं. तिसरं कारखान्याच्या मळीच्या पाण्याचं. चौथं काय होतं ते मला कधी कळलंच नाही, आणि मला वाटतं त्यालाही नीट कळलं नव्हतं. प्रत्येकाला शेवटची तारीख असते. त्या तारखेला काम संपो न संपो, माणूस संपतो. दुसऱ्या दिवसापासून टेबलावर दुसरं कुणीतरी, किंवा कुणीच नाही. आणि माणूस असला हुशार, की चार महिने घरी बसतो, सहा ठिकाणी अर्ज करतो आणि पुन्हा कुणाच्या तरी प्रोजेक्टवर लागतो. मी त्याला किती वेळा म्हटलं, "अरे, कायमचं असं काय नसतंय का तुमच्यात?" तर म्हणतो, "आत्या, कायमचं फक्त फॉर्म भरणं असतंय."

हे पाचवं मात्र मोठं. युरोपातले वीसपंचवीस देश आपापल्या लोकांच्या करातनं पैसे एकत्र करतात आणि त्यातनं संशोधनाला देतात, अगदी परदेशातल्यासुद्धा. इकडचा वाटा आपलं दिल्लीचं सरकार घालतं. त्यानं हे सांगितलं तेव्हा मी म्हटलं, "म्हंजी गणपतीच्या वर्गणीसारखंच की."

"तसंच. फक्त हितं पावती आधी द्यावी लागती आणि मिरवणूक शेवटपर्यंत निघत न्हाय."

एवढ्या देशांची वर्गणी कशासाठी, तर आंबिलीसाठी. हो, आपली ज्वारीची आंबील. रात्री पीठ ताकात कालवून ठेवायचं, सकाळी आंबलं की शिजवायचं. मी सासरी आल्यापासून करते, माहेरी आई करायची. त्यात म्हणे पोटाला चांगले असे जीव असतात, आणि प्रत्येकीच्या घरचे वेगळे. ते कोणते, हे शोधून त्यातनं काहीतरी नवीन काढायचं, पुडीत घालून सगळ्या जगाला प्यायला मिळेल असं. मी म्हटलं, वाटीत मिळतेय तेव्हा कुणी पीत नाही, पुडीत आल्यावर पितील. तो म्हणाला, "बरोबर. तेच नवीन."

चौदा बायका निवडल्या. सोलापुरातल्या काही, अक्कलकोटकडच्या काही, एक सांगोल्याची, एक वैरागची. मीही त्यातली. नात्यातली चालते का, यावर म्हणे तीन महिने पत्रव्यवहार झाला आणि मग मी चालले.

आता चालले म्हणजे काय, तर आधी संमतीचा कागद. नऊ पानं. नियम असा की कागद मोठ्यानं वाचून दाखवायचा. इंद्रजीत माझ्या स्वयंपाकघरात पाटावर बसला आणि लहानपणी पाढे म्हणायचा त्या आवाजात वाचायला लागला. "सहभागीस कोणत्याही क्षणी कारण न देता माघार घेण्याचा अधिकार राहील."

"कशातनं माघार? आंबील करण्यातनं?"

"प्रोजेक्टमधनं गं."

"मी तर हितंच बसलीय. माघार घेऊन कुटं जाऊ?"

"आत्या, अजून सात पानं हायत."

सगळ्या चौदा घरी त्यानं हे वाचलं. चौदा नव्वे किती ते तुम्हीच काढा. अक्कलकोटच्या बाजूच्या चन्नम्माला मराठी कमी येतं, तर तिथं नातसून कानडीत सांगत बसली. दुपारी एकला सुरू केलं ते दिवेलागणीला संपलं. शेवटी चन्नम्मानं काय विचारलं म्हणे, तर जेवणार का.

बरं, कामाला लागला म्हणावं, तर काम कमी आणि कामाची नोंद जास्त. कुठल्या दिवशी किती तास काम केलं ते अर्ध्या तासाच्या हिशेबात लिहायचं. गाडी पंक्चर झाली तर तो पाऊण तास कुठं लिहायचा, यावर त्यानं मॅडमना विचारलं, मॅडमनी दिल्लीला विचारलं, दिल्लीनं तिकडं विचारलं. उत्तर येईपर्यंत दुसरं पंक्चर झालं. बाटल्या गार ठेवायला बर्फ लागतो. बर्फवाला बिल देत नाही. बिल नसलेला बर्फ त्यांच्या नियमात बसत नाही. म्हणून दोन वर्षं आमचा इंद्रजीत स्वतःच्या खिशातला बर्फ युरोपाच्या बाटल्यांना लावत होता.

त्याच्या वर एक मॅडम. निवेदिता मॅडम. बाई वाईट नाही, हे आधी सांगते. त्यांच्याही मानेवर कुणीतरी बसलेलंच असतं. पण त्यांना बोलताना समोरच्या माणसापेक्षा घड्याळ जास्त दिसायचं.

आता मुख्य गोष्ट. या असल्या प्रोजेक्टला मध्यावर एक परीक्षा असते. चार वर्षांचं काम, दोन वर्षं झाली की तिकडची समिती बघते. पास झालं तर पुढची दोन वर्षं, नाही तर मार्चअखेरीला गाशा गुंडाळायचा. इंद्रजीतचं सगळं त्यावर टांगलेलं. पास, तर त्याचं काम पुढं चालू. नापास, तर एक एप्रिलपासून तो घरी, आणि दसऱ्यानंतर गळीत हंगाम लागला की श्रीपूरच्या कारखान्यात रस तपासायला, तेही हंगामापुरतं. तिथं त्याचा एक मित्र आहे, तो जागा बघतो म्हणाला होता. त्याची बायको अंकिता इकडं विजापूर रोडच्या एका शाळेत शिकवते. तिनं एकदाच सांगितलं होतं, आरडाओरडा न करता: "श्रीपूरला मी येणार न्हाय. तुमी गेलात तर शनिवारी येत जावा." नवराबायकोत एवढं शांत बोलणं मला आवडत नाही. भांडण परवडतं.

परीक्षा जानेवारीत होती. नोव्हेंबरात बाटल्या तपासणाऱ्या हॉलंडच्या प्रयोगशाळेतून अहवाल आला आणि याच्या तोंडचं पाणी पळालं.

काय होतं, ते सोपं करून सांगते. दर पंधरा दिवसांनी इंद्रजीत प्रत्येक घरी संध्याकाळी दोन काळ्या, आतलं न दिसणाऱ्या बाटल्या ठेवून जायचा. एकीत पहाटेचं आंबलेलं पीठ भरायचं. दुसरीत आधीपासूनच शुद्ध केलेलं पाणी असायचं, तिला ते कोरी म्हणायचे. पीठ भरताना कोरीचं झाकण तेवढा वेळ उघडं ठेवायचं, म्हणजे आपल्या घरातली हवा तिला लागते. मग बंद करायचं आणि दोन्ही बाटल्या सकाळी त्याला परत द्यायच्या. त्यानं त्या न उघडता गोठवून साठवायच्या आणि दोन वर्षांच्या एकदम हॉलंडला पाठवायच्या. कोरीत काही निघालं नाही, तर समजायचं की पहिल्या बाटलीत जे आहे ते आंबिलीतलंच आहे, घरातलं किंवा आणणाऱ्याच्या हातचं नाही. एवढ्यासाठी ती.

आणि कोऱ्या बाटल्या गढूळ निघत होत्या. एकदोन नाहीत, जवळजवळ सगळ्या. दोन वर्षांच्या. कोरीच खराब म्हटल्यावर भरलेल्या बाटलीवर कोण विश्वास ठेवणार?

मॅडम म्हणाल्या, हात. म्हणजे इंद्रजीतचे हात. त्यानं साबण बदलला. हातमोजे बदलले. गाडीवरची पेटी बदलली. बर्फवाला बदलला. बेसिनशी उभा राहून तो कोपरापर्यंत हात असे घासायचा, की अंकिता म्हणाली, "कातडं राहू द्या तेवढं." जेवताना घास हातात धरून स्वतःच्या बोटांकडं बघत बसायचा. मला बघवत नव्हतं. अकरा वर्षं ज्या माणसानं हातानंच काम केलं, त्याला हातांचाच संशय आला तर त्यानं काय करावं?

डिसेंबर लागला. एक दिवस सकाळी बाटल्या न्यायला आला आणि दारातच बसला. मी चहा टाकला.

"आत्या, नवीन कागद आलाय. कोऱ्या बाटल्यांत त्यांनी आणिक खोल बघितलं. साखर निघालीय."

"मग?"

"मग काय? साखर! निव्वळ पाण्यात साखर कुटनं येईल? मी काय चहा पीत पीत बाटल्या भरतोय का?"

"अरे, मीच घातलीय की."

तो बघतच राहिला. मला आधी कळलंच नाही त्यात बघण्यासारखं काय आहे. मला ते सांगण्यासारखं वाटलं नव्हतं, म्हणून इथंही आधी सांगितलं नाही. पण तुम्हीच सांगा. माहेरचा माणूस, सख्खा भाचा, घरातनं भांडं घेऊन निघालाय, आणि त्यात नुसतं पाणी? शेजारणीची वाटी परत द्यायची झाली तरी त्यात चार दाणे घालतो आपण. रिकामं भांडं उंबऱ्याबाहेर पाठवायचं नाही, हे मला कुणी शिकवलं नाही. चालायला कुणी शिकवलं? तसंच हे. झाकण उघडलं होतंच, चिमूटभर साखर टाकली. दोन वर्षं टाकत होते.

"आत्या," तो एकेक शब्द सुटा करून बोलायला लागला, "मी तुला सांगितलं हुतं ना, कायबी घालायचं न्हाय?"

"व्हय. तीनदा सांगितलंस."

"मग?"

"मग काय? नको नको म्हणणारच की माणूस. पाहुणा काय वाढा वाढा म्हणतो का?"

त्यानं कपाळ दोन्ही हातांत धरलं. मग त्या हातांकडं बघितलं. मग हसायला लागला. असा हसला, की डोळ्यांतनं पाणी आलं, आणि ते सगळंच हसण्याचं नव्हतं. हात स्वच्छ होते त्याचे. पहिल्यापासून स्वच्छ होते.

पण माझी एकटीची साखर. बाकीच्या घरच्या बाटल्या कशा गढुळल्या? तो गाडीला किक मारून निघाला तो तीन दिवस फिरत होता. आणि प्रत्येक घरी एकच उत्तर, तेही याच्याच अडाणीपणावर कीव करत. चन्नम्मानं ज्वारीचे पाच दाणे. सोलापूरजवळच्या बाळ्याच्या ईरम्मानं साखर, पण सणाला गूळ. सांगोल्याच्या म्हाळसाबाईनं खंडोबाचा भंडारा. त्या बाटल्या पिवळ्या का, यावर हॉलंडात म्हणे दोन जणांनी महिनाभर डोकं घातलं होतं. एका रिटायर्ड मास्तरीणबाईंनी तुळशीचं पान टाकलं होतं आणि त्या त्याला उलट विचारत होत्या, "अहो, मग ते पान तुम्हाला उपयोगी पडलं का?" चौदातल्या अकरा जणींनी काही ना काही घातलं होतं, आणि तिकडच्या पहिल्या कागदावर सगळ्याला एकच नाव, गढूळ. उरल्या तिघी. त्यातल्या दोघींना काय घालत होत्या तेच आठवत नव्हतं. तिसरी, वैरागची, म्हणाली, "मुद्दाम घातलं न्हाय. दोन वर्षं येतोयस, माझ्या घरचा चहा घेतला न्हाईस कधी."

तर त्या एका रुसलेल्या बाईच्या बाटल्या तेवढ्या शास्त्राला धरून निघाल्या.

मला वाटलं, चला, कारण सापडलं, मिटलं. लिहून टाकायचं, बायकांनी साखर घातली. छे. अमुक बिघाड झाला म्हणून कळवायचा त्यांचा एक फॉर्म असतो, संगणकावरचा. त्यात कारणांची यादी असते, त्यातलंच एक निवडायचं. यंत्र. वीज. वाहतूक. कर्मचारी. इतर. रिकामं भांडं परत देत नाहीत, असं काही त्या यादीत नव्हतं. मॅडमनी त्याला समोर बसवलं आणि म्हणाल्या, "कर्मचारी लिहू या. पटकन होतं. त्यांचा नियमच आहे, कर्मचाऱ्याची चूक असेल तर कर्मचारी बदलला असं दाखवायचं, आणि प्रोजेक्ट पुढं जातं."

"मॅडम, कर्मचारी म्हंजी मीच की."

"मला माहीत आहे, इंद्रजीत. पण प्रोजेक्ट बुडालं तर तुमच्यासकट सहा जणांचं जातं. मी तुम्हाला दुसऱ्या कशात तरी..."

दुसऱ्या कशात तरी! अकरा वर्षं तो दुसऱ्या कशात तरीच आहे.

हे सगळं त्यानं माझ्याकडं येऊन सांगितलं, अंकिताही होती. मी म्हटलं, "ती बाई तुला बळी देतीय आणि तू मान खाली घालून ऐकून आलास?"

"ती खोटं बोलत न्हाय आत्या. बायकांना शिकवायचं काम माझं हुतं."

अंकिता भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुमी शिकवलंत. नऊ नऊ पानं वाचलीत. त्यांनी पाहुणचार केला. यात चूक कुणाची ते तुमी कशाला ठरवताय? 'इतर' लिवा."

त्यानं 'इतर' लिहिलं. मॅडम दोन दिवस बोलल्या नाहीत, पण त्यांनी खोडलंही नाही. हे मी त्यांच्या बाजूनं धरते.

'इतर' लिहिलं की पुढची खिडकी उघडते. पुरावा जोडा. स्रोत जोडा. म्हणजे काय, तर इकडच्या बायका भांडं रिकामं परत देत नाहीत, हे कुठल्या छापील पुस्तकात लिहिलंय ते दाखवा. इंद्रजीतनं तीन दिवस वाचनालयं पालथी घातली. कुणी लिहिलेलं सापडेना. अरे, श्वास घेतो हे कुणी लिहून ठेवतं का! शेवटी ठरलं, चौदाही जणींनी स्वतःच्या हातानं लिहून द्यायचं, मग त्याचं इंग्रजी करायचं, मग ते इंग्रजी बरोबर आहे असं तिसऱ्यानं लिहून द्यायचं. मी माझं लिहिलं. चौथीपर्यंतचं अक्षर, ओळ वर चढते माझी. लिहिलं ते असं: "मी मथुराबाई. बाटलीत साखर मी घातली. कुणी सांगितलं नाही. घरातलं भांडं रिकामं जाऊ नये म्हणून घातली. इंद्रजीत नको म्हणाला होता." एवढं लिहायला सकाळ गेली. सही करायला सांगितली तर ती आधीच्या सहीसारखी नाही म्हणून पुन्हा केली.

वाटलं, आता तरी झालं. तर जानेवारीत निरोप, की समितीला सहभागी बाईशी बोलायचंय. एकच बाई, दहा मिनिटं, पडद्यावर. इंद्रजीत मला न्यायला आला तेव्हा त्याचा चेहरा परीक्षेला निघालेल्या मुलासारखा. पायरीवर म्हणाला, "आत्या, जे हाय तेच सांग. माझ्यासाठी म्हणून कायबी वाढवू नको."

"मी कशाला वाढवू?"

"तू साखरसुद्धा वाढवून घालतीस."

मोठ्या पडद्यावर पाच चेहरे. मधोमध एक बाई, माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाची, केस माझ्यासारखेच पांढरे, पण बॉयकट. ती बोलायची, निवेदिता मॅडम मराठी करायच्या. इंद्रजीत कोपऱ्यात उभा. त्याला बोलायची परवानगी नव्हती, कारण प्रश्न त्याच्याच कामाचा होता.

आधी एका दाढीवाल्यानं विचारलं, साखर किती घालत होता?

"चिमूटभर."

म्हणजे किती ग्रॅम?

"आता चिमटीला ग्रॅम कुटले?" मी चिमूट करून दाखवली. तो पडद्याजवळ आला आणि माझ्या बोटांकडं निरखून बघायला लागला. मग विचारलं, प्रत्येक वेळी तेवढीच?

"श्रावणात जरा जास्त."

त्यानं ते लिहून घेतलं. देवाशपथ सांगते, लिहून घेतलं.

मग ती पांढऱ्या केसांची बाई म्हणाली, बाटली तशीच परत दिली असती तर काय झालं असतं?

"काय झालं नसतं. मला बरं वाटलं नसतं."

तिनं समोरचा एक कागद उलटला. मग तिनं विचारलं, आणि हा प्रश्न विचारताना मॅडमचा आवाजही जरा बारीक झाला: "काही घालू नका, असं तुम्हाला या कर्मचाऱ्यानं स्पष्ट सांगितलं होतं का?"

मला चौथीचं गणित जमलं नाही, पण हे मला कळत होतं. नाही म्हटलं, तर इंद्रजीत गेला. हो म्हटलं, तर मी खोडसाळ म्हातारी ठरणार, जिला सांगितलेलं कळत नाही, आणि असल्या चौदा म्हाताऱ्यांवर इतक्या देशांची वर्गणी घालवली असं होणार. मी इंद्रजीतकडं बघितलं. तो जमिनीकडं बघत होता.

"सांगितलं हुतं," मी म्हटलं. "नीट सांगितलं हुतं, तीनदा. पण आमच्यात नको म्हणाल्यावर घालायचंच असतं. नको म्हणणं त्याचं काम, घालणं आमचं काम. आता तुमी म्हणाल, त्यानं काय करायला पायजे हुतं? तर तुमी चार वर्षांचं काम आखलं तवा, आमच्यातल्या एकीला तरी विचारायला पायजे हुतं की बाई, कोरी बाटली दिली तर तू काय करशील? लगेच सांगितलं असतं. नऊ पानं वाचून दाखवलीत, एक गोष्ट विचारली न्हाय."

मॅडमनी माझ्याकडं बघितलं. आखणी त्यांचीच होती. मला वाटलं, आता ही बाई काहीतरी गुळमुळीत इंग्रजी करून सोडून देईल. मला काय कळणार होतं? पण त्यांनी पुष्कळ वेळ घेऊन, थांबत थांबत सगळं सांगितलं असावं, कारण शेवटी पडद्यावरच्या बाईनं आधी मॅडमकडं बघितलं आणि मग इंद्रजीतकडं. घड्याळाकडं मॅडमनी एकदाही बघितलं नाही.

मग दोन महिने काही नाही. फेब्रुवारी गेला. इंद्रजीतनं श्रीपूरच्या मित्राला फोन करून ठेवला. अंकितानं फोन ऐकला आणि शाळेच्या वह्या तपासायला घेतल्या. मार्चचे दिवस संपत आले, तरी तिकडनं येत होते ते फक्त "आपला अर्ज विचाराधीन आहे" असे निरोप, तेही आपोआप निघणारे, रविवारी सुद्धा.

सव्वीस तारखेला दुपारी तो आला. उन्हानं लाल झालेला. हातात कागदांचा गठ्ठा.

"पास झालं, आत्या."

मी देवासमोर हात जोडायला वळले, तर म्हणाला, "थांब, आदी ऐक. समितीला तुजं बोलणं लई आवडलं. त्यांनी मंजूर केलं पुढचं. वर आणिक एक नवीन अभ्यास जोडलाय. त्याला वेगळे पैसे."

"कसला?"

"रिकामं भांडं परत न देण्याच्या प्रथेचा."

देव तसाच ठेवून मी पाटावर येऊन बसले.

"हॉलंडची एक मुलगी येणाराय. तीन वर्षं राहणार. ती त्याच्यावर डॉक्टर होणार."

"आणि तू?"

"कोऱ्या बाटल्या आता प्रयोगशाळेतच ठेवायच्या, घरोघरी न्यायच्या न्हाईत. त्यामुळं फिरतीचं काम कमी झालं. माझं चौदा महिन्यांचं निघालंय."

"चौदा महिने? दोन वर्षं म्हणत हुते ना?"

"चौदा महिने. मग बघू म्हणतायत."

त्रेचाळीस वर्षांच्या माणसाचा संसार महिन्यांत मोजतात. मला असा संताप आला, की समोरची परात मी बाजूला सारली ती आपटलीच. त्या पोरीला तीन वर्षं, आमच्या साखरेवर! आणि ज्यानं ती साखर घरोघरी जाऊन शोधून काढली त्याला चौदा महिने. मी म्हटलं, "नको म्हणून सांग त्यांना. तोंडावर फेक त्यांच्या."

"श्रीपूरला जाऊ?"

मी परात उचलली. भिंतीशी लावून ठेवली.

त्यानं गठ्ठा पुढं केला. नवी संमती. आता अकरा पानं. चौदाही जणींच्या सह्या शुक्रवारच्या आत गेल्या तरच त्याच्या नेमणुकीचा कागद निघणार. म्हणजे दोन दिवस, आणि सगळी पानं मोठ्यानं वाचायची. अक्कलकोट, सांगोला, वैराग, सगळीकडं.

"वाच," मी म्हटलं.

त्यानं वाचलं. पंख्याखाली बसून, घाम पुसत, अकराच्या अकरा पानं. मी मध्ये एकदाही बोलले नाही. शेवटच्या पानावर, सगळ्यात खाली, त्याचं नाव आलं. या सगळ्या गठ्ठ्यात एकदाच. "या अभ्यासाबद्दल सहभागीस काही तक्रार असल्यास तिने पुढील व्यक्तीकडे नोंदवावी: इंद्रजीत."

"तक्रार तुज्याकडं करायची?"

"व्हय."

"मग तू काय करणार तिचं?"

"लिहून घेणार. वर पाठवणार."

"आणि वरचे?"

"नोंद घेतली असं कळवणार."

मी सही केली. ती आधीच्या सहीसारखी झाली नाही, पण तो म्हणाला चालतंय, घाई हाय. मी म्हटलं, "आता घे लिहून. पहिली तक्रार: असल्या कामाला महिन्यांवर माणूस ठेवत न्हाईत. दुसरी: बर्फाचे पैसे द्या त्याचे. तिसरी..." तो खरंच लिहीत होता, गुडघ्यावर कागद ठेवून, गंभीर तोंड करून. पाचवीपर्यंत आम्ही पोचलो. मग त्यानं घड्याळ बघितलं, कारण पाचच्या आत बाळ्याला पोचायचं होतं, तिथल्या ईरम्माला अकरा पानं ऐकायची होती. चहा घ्यायला थांबला नाही. गाडी सुरू करताना म्हणाला, "उरलेल्या शनिवारी सांग."